बिनचुलीचं घर

टोपली खाली ठेवावी की तशीच परत न्यावी, हे दत्तोपंतांना कळेना. ते शेजारच्या बनुबाईच्या ओसरीपाशी उभे होते. तिच्या नवऱ्याला, गोरक्षनाथला, गावकरी दुपारीच स्मशानात पोचवून आले होते. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकी आणि शेजारपाजार पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे चार घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. ओसरीवर सात-आठ टोपल्या येऊन पडल्या होत्या. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

दत्तोपंतांच्या टोपलीची गोष्ट मात्र वेगळी होती.

शेवगावच्या शाळेतून निवृत्त होऊन दत्तोपंत गुरुजी गावी परतले ते एकटेच. बायको, दमयंतीबाई, वर्षभर खोकून खोकून गेल्या होत्या. ओल्या लाकडांच्या धुरात तीस वर्षं भाकरी भाजल्या, त्यानं छाती गेली, असं डॉक्टर म्हणाले. मग गुरुजींनी हट्टाला पेटून घर बांधलं. गावच्याच मातीच्या कच्च्या विटा, हातभर जाड भिंती, वर कौलं, आणि स्वयंपाकघरात चूलच नाही. परसात शेणाची टाकी, तिच्यातला गॅस नळीनं शेगडीला. इथवर ठीक होतं. पण त्यांनी संडासही त्याच टाकीला जोडला आणि शिवाय चावडीवर जाऊन ते सगळ्यांना समजावून सांगितलं. शिकवायची खोड, दुसरं काय!

त्या दिवसापासून दोन वर्षं त्यांच्या घरी कुणी घोटभर चहा घेतला नव्हता. माणसं वाईट नव्हती. "आत्ताच झाला, गुरुजी," म्हणायची आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलून जायची. गुरुजी तरी रोज दोन कपांचं आधण ठेवायचे. दुसरा कप गार झाला की तोही तेच प्यायचे. फार एकटं वाटायचं त्यांना. तसं सांगावं, तर सांगायलाही घरात कुणी नव्हतं.

आज भाकरी थापताना त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, की कडू घासाला कुणी नाही म्हणत नाही. मग स्वतःचीच लाज वाटली होती. माणूस गेलेल्या घरी आपण शेगडीला मान मिळवायला निघालो की काय?

शेवटी त्यांनी टोपली बनुबाईपुढं ठेवली आणि फडकं बाजूला केलं. वाडग्यात पिठलं होतं, भाकरी अजून ऊन होत्या. कडा जाड, एक बाजू करपलेली. बनुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हात पुढं केला.

"थांब गं," तिची चुलत सासू आक्काबाई म्हणाली. "गुरुजी, ह्या भाकरी कशावर भाजल्या?"

बनुबाईचा हात टोपलीवरच थबकला. खरं सांगितलं असतं तर टोपली कोपऱ्यात गेली असती. त्याचं दुःख त्यांना नवं नव्हतं. पण तो हात मागं गेला असता.

"चुलीवर," दत्तोपंत म्हणाले. "परसात तीन दगड मांडले होते."

दमयंतीबाईंपायी बांधलेलं घर त्यांनी एका वाक्यात पाडलं. त्यांनी मान खाली घातली.

"मंग खा, बाई," आक्काबाई म्हणाली.

बनुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"आत्याबाई, ह्येला धुराचा वास न्हाई."

दत्तोपंतांना वाटलं, आता टोपली उचलावी आणि निघावं. ते खाली वाकलेही.

बनुबाईनं तुकडा पिठल्यात बुडवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ती सावकाश चावून खात राहिली. अर्धी भाकरी संपली. मग ती म्हणाली,

"उद्या बी घिऊन या, गुरुजी. फकस्त खोटं नगा बोलू."