हवेला वाट

"एक तरी खिडकी उघडाया सांग ना त्यायला," गोकुळ पुन्हा म्हणाला.

चिकलठाण्याच्या विमानतळावर मे महिन्याच्या उन्हात विमान तापत उभं होतं. दोन प्रवासी यायचे राहिले होते, म्हणून दार अजून लागलं नव्हतं. गोकुळला चैन पडत नव्हतं. कधी तो कमरेचा पट्टा चाचपायचा, कधी डोक्यावरचं हवेचं भोक इकडेतिकडे फिरवायचा. त्यातून येणारी हवा अगदीच मरतुकडी होती. शेजारी त्याची लेक रूपा काचेतून बाहेर बघत होती आणि आसपासची माणसं गोकुळकडे.

गुलमंडीत गोकुळचं कूलरचं दुकान. अर्ध्या शहरात त्याने बसवलेले कूलर. त्याचा हट्ट एकच, समोरची खिडकी वीतभर उघडी राहिली पाहिजे. हवा आत येते तशी बाहेर जायला नको? जिथे खिडकी उघडत नाही तिथून तो कूलर उचलून परत आणायचा, गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी. असा माणूस आज बंद डब्यात बसला होता, तोही जावयाने पाठवलेल्या तिकिटावर. माहेरी येऊन राहिलेल्या रूपाला तो दिल्लीला पोचवायला निघाला होता. "मला तिथं गुदमरतं," एवढंच ती घरी म्हणाली होती. दिल्लीची हवाच खराब, होईल सवय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गोकुळनेही.

"आबा, विमानाची खिडकी नाही उघडत," रूपा म्हणाली. "पण हवा कोंडतही नाही. ऐका."

लग्नाआधी ती विमानं दुरुस्त करायच्या कामावर होती. नवऱ्याने नोकरी सोडायला लावली.

"आत्ता शेपटीतलं छोटं इंजिन हवा देतंय, म्हणून कमी येते. मोठी इंजिनं सुरू झाली की बघा. ती बाहेरची हवा ओढून दाबतात. दाबली की ती भयंकर तापते. मग पोटातल्या यंत्रात तिला आधी निववायचं आणि एकदम फुगू द्यायचं. फुगली की थंडगार! वरून आत येते, पायापाशी खाली जाते. थोडी गाळून परत फिरवतात, बाकीची बाहेर."

"बाहीर कुठून?"

"मागं एक झडप असते. उडताना सारखी थोडी उघडते, थोडी मिटते. ती नीट उघडत नसेल तर आम्ही विमान सोडतच नव्हतो."

बोलताना तिचे हात नाचत होते. माहेरी आल्यापासून ती एवढं बोललीच नव्हती. गोकुळला फार बरं वाटलं.

"म्हंजे खिडकी हाये. मागं हाये," तो हसला. "मंग तुझ्या दिल्लीच्या घरात कोन्ती उघडी ठिवतीस गं?"

रूपाचे हात मांडीवर आले.

"तिथं नाही उघडत. खिळे मारलेत. एसीची हवा जाते म्हणतात." ती पुन्हा काचेतून बाहेर बघू लागली. "हे कामावर जाताना दारालाही बाहेरून कुलूप लावून जातात."

गोकुळचं हसू मावळलं. पोरीने सरळ शब्दांत सांगितलं होतं, आणि आपण तिला सवय व्हायची वाट बघत बसलो! त्याला स्वतःची शरम वाटली. तो पट्ट्याशी झटापट करू लागला. पट्टा काही सुटेना. तेवढ्यात राहिलेले दोघे धापा टाकत आत आले आणि हवाई सुंदरी दाराकडे वळली.

"ओ ताई, थांबा! दार लावू नका!" गोकुळ ओरडला.

"आबा, काय करताय?" रूपाने त्याचा हात धरला.

"ह्यो पट्टा सोड आधी. खिडकी उघडत नाय त्या घरात म्या कधी कूलर ठिवला नाय, अन् तुला ठिवून येऊ?"