हलका हात

बाबांनी आयुष्यभर साऱ्या गल्लीच्या दाढ्या केल्या. आता स्वतःच्या हनुवटीला कोणाला हात लावू देत नाहीत. मी वस्तरा उचलला की ओरडतात, "चोर आला! माझ्या मुलाला बोलवा!" चोर ही बढतीच म्हणायची. मागच्या आठवड्यात मी नुसता भाडेकरू होतो.

आज बाहेरून कुलूप लावून त्यांची औषधं आणायला गेलो. परतलो तर बाबा खुर्चीत, गाल गुळगुळीत. कुठे साधा ओरखडा नाही.

"दाढी कोणी केली, बाबा?"

"मुलानं. हात हलका आहे त्याचा."

"अहो, तुमचा एकुलता एक मुलगा मीच ना!"

ते माझ्या पायाशी थुंकले. "लोकांच्या घरात शिरतोस आणि वर मुलगा म्हणवतोस?"

बाथरूमचं दार आतून बंद होतं. आत कोणीतरी वस्तरा धूत होतं. मी दार ठोठावलं. नळ थांबला.

आतून माझाच आवाज आला, नेहमीसारखा दमलेला, किंचित वैतागलेला. "बाबा, तो माणूस पुन्हा आलाय का?"

बाबांनी मागून माझी मान धरली, गिऱ्हाइकाची धरायचे तशी, घट्ट.

"ये बाळा," ते लाडानं म्हणाले. "मी धरलंय त्याला. वस्तरा घेऊनच ये."