हजेरीचं बटण

ओडेटचे दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बंद पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत अडकले होते. महिनाभर खपून बनवलेलं संयुग ती थेंब थेंब ओतत होती. थांबलं की सगळं वाया. शेजारी लॅपटॉपवर लँड्री सरांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर चालू होतं. मध्येच पडद्यावर हजेरीची चौकट उघडली.

*तुम्ही आहात का? बटण दाबा. शेवटची सूचना.*

आणखी एक गैरहजेरी, की एम.एस्सी.तून नाव कमी. तेवढ्यात स्वतः लँड्री सरच प्रयोगशाळेत आले.

"सर, तेवढं बटण दाबा ना!"

"मी? माझ्याच वर्गात मला लबाडी करायला सांगतेस? ज्याचं त्यानंच दाबायचं असतं ते."

"पण मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"दिसतंय की. हात हलवू नकोस हं, महिन्याची मेहनत आहे."

सरांचा फोन वाजला.

*तुमची विद्यार्थिनी ओडेट वर्गात नाही. कारण निवडा.*

सरांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. 'समोर उभी आहे' असा पर्याय नव्हता. त्यांनी 'संपर्क होत नाही' निवडलं आणि मान खाली घालून निघून गेले.

लॅपटॉपमधले लँड्री सर म्हणाले, "कुणाला काही अडचण असेल, तर हात वर करा."