सम्यकचा ताप

"तुझा सम्यक डोक्यावर टोपी ठेवत नाही, पट्टी काय ठेवणार?" असं आई म्हणाली, तेव्हा विशाखाने ते हसण्यावारी नेलं होतं. बाळाच्या घामावरून ताप ओळखून तो फोनवर कळवणारी पट्टी तिने स्वतः शोधली होती आणि तिच्या जोरावर अंधेरीत कंपनीही थाटली होती.

आज गुंतवणूकदारांसमोर तिने ऐटीत स्क्रीन लावला. दहिसरला आजीजवळ असलेल्या सम्यकचा ताप झळकला, एकशे तीन! झालं, सगळी बायोटेक्नॉलॉजी तिथेच टाकून मॅडम रिक्षा पकडायला धावल्या.

घरी सम्यक मजेत डबा बडवत होता. अंग गारगार.

"आई, पट्टी कुठाय याची?"

"ही काय, सकाळीच काढून माझ्या दंडाला चिकटवली त्याने. म्हटलं राहू दे, खेळतोय ना."

विशाखाने आईचा दंड धरला आणि तिला चटकाच बसला.

"कधीपासून गं?"

"परवापासून. तुझा आज मोठा दिवस, म्हणून नाही बोलले."

 

पट्टी बाजारात यायला अजून वर्ष आहे. तोवर तुमचं बाळ सांभाळणाऱ्या आजीच्या अंगाला तेवढा हात लावून बघा.