हँडलखालचं सील

खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं बंद, म्हणून मंजिरी लोंढेने सकाळीच गेटजवळच्या दवाखान्यात तिसऱ्यांदा हाड कापून घेतलं. करंगळीच्या बाजूचं हाड मनगटात घासतं. ते दोन मिलिमीटर आखूड केलं की दुखणं थांबतं. अर्ध्या तासात कापून, चिकटवून बाई कामावर परत. हँडल ओढणाऱ्या सगळ्याच जणी दर दोन वर्षांनी करून घेत.

ती आपलं यंत्र पूजेसाठी पुसायला लागली. दरवर्षी वरवर पुसायची. आज एकच हात मोकळा, म्हणून खाली बसली. हँडलखालचं ग्रीस निघालं आणि शिशाचं सील लावलेला एक स्क्रू दिसला.

"घोलपदादा, हा कशाचा?" तिने फिटरला विचारलं.

"हँडल खाली घ्यायचा. चांगलं दोन बोटं खाली येतं."

"मग मनगट वाकवावं लागणार नाही?"

"नाही लागणार."

"मग कुणी फिरवला का नाही?"

घोलप हाराची गाठ सोडवत होता. "सील तुटलं की यंत्राची वॉरंटी जाते. आणि हाडाचं तर कंपनी फुकट करून देते."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी यंत्राला हार घातला, हात जोडले.

"सांभाळून वापरता हो तुम्ही," ते मंजिरीला म्हणाले. "सात वर्षांत एक ओरखडा नाही."

मंजिरीने पट्टी बांधलेल्या हाताने कुंकू घेतलं आणि वाकून सीलवर टेकवलं. मनगट जराही दुखलं नाही.