पाच मिनिटांची परदेशी गाडी

"जयसिंग, हे काय तुझ्या गळी उतरायचं न्हाई," म्हस्कू आबा गव्हाच्या पोत्यावर टेकत म्हणाले, "पर पाच मिन्टांच्या आगगाडीत बसून मी देश बदललाय."

न्हावऱ्याच्या रेशन दुकानात सकाळपासून रांग होती. अंगठे पडताळायचा शेवटचा दिवस. ज्याचा अंगठा मशीन ओळखणार नाही, त्याचं नाव कार्डावरून कटणार. दुकानदार जयसिंगला गप्पा ऐकायला सवड नव्हती. त्याच्यापुढं आबांची बायको अनसाबाई उभी होती आणि मशीन तिसऱ्यांदा लाल झालं होतं.

"मावशी, रेघाच उरल्या न्हाईत तुमच्या बोटाला. जगातलं कुठलं मशीन घेणार हे? जावा, साबणानं परत धुऊन या."

अनसाबाई हौदाकडं गेल्या. सकाळपासूनची ही दुसरी खेप.

"लोकर कातून कातून आमच्या दोघांच्याबी बोटांचं तेच झालंय," आबा म्हणाले. "तिकडंबी तेच आडवं आलं."

"तिकडं म्हंजी कुठं, आबा?" रांगेतल्या झुंबरबाईनं विचारलं.

"सिंगापूर. आमची नात सोनम तिथं हाय न्हवं? तिच्या पोराचं बारसं. आमच्यात बाळ पहिल्यांदा पाळण्यात घालायचं ते घरच्या लोकरीच्या घोंगडीवर. ती पोचवायला नको?"

"सिंगापूरला इमान जातं," जयसिंग मान वर न करता म्हणाला.

"नातजावयाला मलेशियात काम हुतं. इमानानं तिथवर, म्होरं त्याच्यासंगं रेल्वे."

फाल्गुनात आबांच्या घराला महिनाभर कुलूप होतं, हे जयसिंगलाही माहीत होतं. पण दोघं दौंडला लेकीकडं गेली होती, असंच गाव म्हणत होतं.

"आवो, तुम्ही तर दौंडात हुता. सुषमाकडं," त्यानं टोकलं.

"हिला ठेवली सुषमाकडं. मी म्होरं गेलो."

हात पुसत परत आलेल्या अनसाबाईंनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. अंगठा ठेवला. मशीन लाल.

"जरा वाळू द्या हात," जयसिंग वैतागून म्हणाला. "बसा तिथं."

आबांना तेवढीच संधी मिळाली.

"जोहोर म्हणून गाव हाय. तिथं मलेशियाच्या सायबानं शिक्का मारला आन् गाडीत सोडलं. बूड टेकतंय न टेकतंय तोवर गाडी समुद्रावर."

"खाडी हाय ती," अनसाबाई म्हणाल्या.

"खाडी. बघा, ऐकून ऐकून हिला पाठ झालीया. शेजारनं फटफट्याच फटफट्या, रांजणगावच्या कंपन्यांची शिफ्ट सुटल्यावाणी. आन् संपला की प्रवास! पर खरी गंमत उतरल्यावर. जावई त्याच्या रांगेतनं भुर्रकन पलीकडं गेला. मी ऱ्हायलो काचंपुढं, खांद्यावर घोंगडी. आत वर्दीतली बाई. अंगठा दाव म्हणाली. दावला. लाल. दुसरा दावला. लाल. तिनं वला कागद घेऊन खसाखसा पुसला. तरी लाल. पासपोर्टात बघती, माझ्याकडं बघती. मग बोट केलं ना मागं!"

"म्हंजी?" झुंबरबाई पुढं सरकली.

"म्हंजी फिरा माघारी, मलेशियाला. बारा वाजता बारसं, साडेधा झालेले. काचंच्या पल्याड जावई दिसतोय, हात हलिवतोय. आन् घोंगडी माझ्या खांद्यावर. तिच्याबिगर पोराला पाळण्यात घालायची न्हाई, असं सोनमनं ठरवलेलं."

रांगेतली कुजबुज थांबली. जयसिंगचं बोटही मशीनच्या बटणावर तसंच राहिलं. खोटं असलं तरी पुढं काय झालं, ते त्याला आता कळायलाच हवं होतं.

"मग?"

आबांनी सावकाश फेटा उचलला, घामानं चकाकणारी टाळू शेमल्यानं पुसली, फेटा परत बसवला.

"मग डोकं चाललं. म्हणलं, पुसून पुसून हे बोट ठार कोरडं पडलंय, मशीनला ते दिसंना. लोकर कातताना हात कोरडा पडला, धागा सरकंना, की आपण काय करतो? अंगठा खुपसला केसांत! चांगलं खोबरेल चोपडलेलं. दोनदा घोळला आन् ठेवला काचंवर. टिंग! हिरवा!"

"आगं बया," झुंबरबाई म्हणाली.

"ती बाई खुर्चीतनं उठली. हसली. घोंगडीवर हात फिरवला आन् मारला शिक्का. बारा वाजता पोराचं नाव ठेवलं मल्हार, आन् त्याच्या खाली न्हावऱ्याची घोंगडी!"

रांगेत हशा पिकला, कुणी शिट्टी मारली. "आबा, उद्या चंद्रावर जाऊन या," मागून एकजण ओरडला. आबा मिशीला पीळ देत बसले.

जयसिंगनं मान झटकली. "झाली करमणूक. मावशी, या. आता शेवटचं. न्हाई उठला तर माझा इलाज न्हाई, नाव कटणार. एकदा साबणानं..."

अनसाबाई हौदाकडं गेल्या नाहीत. त्यांनी पदर मागं सारला, तेलानं मऊ झालेल्या अंबाड्यात अंगठा खुपसला, दोनदा घोळला आणि जयसिंगच्या डोळ्याला डोळा देत काचेवर ठेवला.

टिंग. हिरवा.

झुंबरबाईनं टाळी वाजवली. जयसिंग आधी मशीनकडं बघत राहिला. मग अंबाड्याकडं. मग आबांच्या फेट्याकडं.

"आबा!" तो साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला. "लबाड बोलता तुम्ही! टकलाला कुठलं आलं खोबरेल? दौंडात ऱ्हायला हुता ते तुम्ही, त्या गाडीत बसल्या त्या मावशी!"