बनाबाईचा मालक

"अन् मालक कायनं वारला तिचा?" मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"साप चावला," भगवंतरावानं सांगून टाकलं. हात मिरचीची रोपं उपटत होते, तोंड मोकळंच होतं. "बांधावर. जागीच गेला बिचारा."

"अरारा!" म्हातारा हळहळला. "बांधावर काय?"

"हो ना. मागं बाई एकटी, पदरात लेकरू. तिनं माही रोपं लावली अन् पायावर उभी राह्यली."

वाफ्याभोवतीच्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. ही गोष्ट त्यांनी रेडिओवर ऐकली होती आणि ती ऐकूनच ते रोपं न्यायला साखरखेर्ड्याला आले होते. साप मात्र नवा होता. रेडिओला पाठवलेल्या कार्डात साप नव्हता.

कार्ड भगवंतरावानंच लिहिलं होतं. गेल्या साली त्यानं रोपवाटिका घातली तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. मिरचीचं रोप काय विकत घ्यायची वस्तू आहे? घरोघरी बायका परसात बी टाकून रोपं करतात. त्याची रोपं वाफ्यातच उंच झाली आणि शेवटी शेळ्यांच्या पोटात गेली. वडिलांनी बजावलं, यंदाही गिऱ्हाईक आलं नाही तर वाफे मोडायचे आणि मुकाट्यानं ज्वारी पेरायची.

तेव्हा गावोगावी ग्रामपंचायतीचे रेडिओ नवेनवे आले होते. संध्याकाळी सगळं गाव रेडिओपुढं बसायचं. ग्रामीण कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रं वाचून दाखवत. कधी न भेटलेली माणसं त्यामुळं एकमेकांना नावानिशी ओळखू लागली होती. मेहकरच्या कुणाची गाय आटली तर साखरखेर्ड्यात तिच्यावर उपाय सांगितले जात. आपलं गिऱ्हाईक इथंच बसलंय, हे भगवंतरावानं बरोबर हेरलं. आधी त्यानं स्वतःच्या नावानं कार्ड टाकलं. ते वाचलंही गेलं. पण आपल्या मालाचं कौतुक आपणच केल्यावर कोण फिरकणार?

मग त्यानं सुलतानपूरची बनाबाई तयार केली. गाव पुरेसं लांब, नाव पुरेसं साधं. नुसती बाई कमी पडेल म्हणून तिला विधवा केली. निवेदकानं ते कार्ड असं काही गहिवरून वाचलं की ऐकताना भगवंतरावाचेच डोळे भरून आले. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून माणसं येऊ लागली होती.

त्यानं म्हाताऱ्याची जुडी ओल्या तरटात बांधली. "नाव काय बाबा? गाव?" गिऱ्हाइकाचं नावगाव विचारायची त्याला सवय लागली होती. पुढच्या कार्डाला कामी येई.

"रामराव. सुलतानपूर."

भगवंतरावाचा हात सुतळीवरच थांबला. शेजारचा शेतकरी मात्र खूश झाला. "सुलतानपूर? मंग बनाबाई तुमच्या ओळखीची असन!"

"असन कशी नाही?" रामराव म्हणाला. "ते काय, कुंपनापाशी उभी हाये. माही बायको."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुंपणापाशी एक म्हातारी उभी होती. हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर, हातभर बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

एकानं आपली जुडी हळूच वाफ्याच्या कडेला ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली. भगवंतरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला त्यानं मारलं होतं तो समोर ठणठणीत उभा होता.

"कार्ड माह्याच हातचं होतं," तो शेतकऱ्यांना म्हणाला. रामरावाकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. "मनानंच लिहिलं. बनाबाई कोन, हे मले माहीत नव्हतं."

"मले तं माहीत होतं ना!" बनाबाई कुंपणापलीकडून बोलली. "सुलतानपुरात मळेवाली बनाबाई म्या एकटीच. माह्या भावानं त्याच्या गावात रेडिओ ऐकला. सकाळीच रडत आला बाप्पा, दुखवट्याचं लुगडं काखेत घेऊन. अन् हे अंगनात दाढी करत बसेल होते! भावाले हसावं का रडावं समजेना. तिकडं माह्या मायनं अन्न सोडलं होतं. नव्वदीची बुढी. जावई डोळ्यानं पाह्यला, तवा जेवली." तिनं भगवंतरावाकडं पाहिलं. "तुले दुसरं काही सुचलं नाही का रे?"

एरवी भगवंतरावाला काय काय सुचत असे! खरं म्हणजे त्या बाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला. तो ओल्या वाफ्यात चिखलाचे हात घेऊन उभा राहिला आणि आलेलं गिऱ्हाईक एकेक करून फाटकाबाहेर गेलं.

रामराव तेवढा राहिला. त्यानं तरटातली जुडी उचलली, एक रोप बाहेर ओढून त्याची मुळं पाहिली आणि परत नीट आत खोचलं.

"बाबा, तुम्ही घेता?" भगवंतरावानं कसंबसं विचारलं.

"घ्याच लागते ना बे. लोक रोज दारात येऊन राह्यले, बनाबाईची मिरची दाखवा म्हनतात. काय दाखवू त्यायले? आमच्या मळ्यात वांगी हायेत." रामरावानं जुडी काखेत मारली. "लावून पाह्यतो. चांगली निघाली तं सांगाले येईन. मंग टाकजो कार्ड, बनीच्याच नावानं."

तो कुंपणापर्यंत गेला. बायकोच्या हातात जुडी दिली. मग मागं वळून म्हणाला, "पन या खेपेले मले जित्ता ठेवजो."